कबुलीचा बोभाटा

आमच्या इमारतीत राहणारे एक निवृत्त मामलेदार रोज सकाळी वर्तमानपत्र हातात घेऊनच जिना उतरतात आणि त्यातील जी बातमी एखाद्या परिचितास लागू पडेलशी त्यांना वाटते, ती त्याच्या दारात उभे राहून खड्या आवाजात वाचून दाखवितात. गेल्या वर्षी असेच ते माझ्या दारी आले. इंधनपंपातील दोषापायी एका कंपनीने हजारो मोटारी ‘माघारी बोलाविल्या’ होत्या. मजकूर जेमतेम सहा ओळींचा, मथळा मात्र चार स्तंभी. “काय हो, तुमची गाडी त्यातलीच ना? काढून टाका, अजून बरी किंमत येईल,” असा सल्ला देऊन ते खाली उतरले.

गाडी त्यातलीच निघाली. सतरा अक्षरी चासी नंबर बॅटरीच्या उजेडात टिपून घेतला, वर्कशॉपात फोन केला आणि चौथ्या दिवशी गाडी नेऊन उभी केली. मेकॅनिकने मागची सीट उचलली, खालचे गोल झाकण उघडले, टाकीत बुडालेला पंप अलगद वर ओढला आणि पेट्रोलचा वास विरण्याच्या आत नवा बसवून सीट जागच्या जागी दाबली. पाऊण तासाचे काम, बिलावर शून्य. यात बिघडते तरी काय, असे विचारताच तो म्हणाला, “आतलं प्लास्टिकचं चक्र पेट्रोलनं फुगतं आणि अडकतं. गाडी चालता चालता बंद पडते. घाटात पडली म्हणजे कळतं.” हे एवढे एक वाक्य त्या सहा ओळींत असते, तर मामलेदारसाहेबांनी मला गाडी विकण्याचा सल्ला दिला नसता, वर्कशॉपात पिटाळले असते.

‘माघार’ हा शब्दच मुळी रणांगणावरचा. तो छापला की पराभवाची छाया आपोआप पडते आणि हजारो मोटारी कारखान्याकडे तोंडे फिरवून खाली मानेने निघाल्याचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. वास्तविक ही उत्पादकाने दिलेली कबुली असते, आणि जो कबुली देतो त्याचाच बोभाटा करावयाचा व जो तोंड मिटून बसतो त्यास निर्दोष समजावयाचे, अशी उलटी रीत आपण वाचकांनी व वृत्तपत्रांनी मिळून पाडून ठेवली आहे.

या रीतीचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. २३ नोव्हेंबर १९८६ रोजी अमेरिकेतील सीबीएस वाहिनीच्या ‘६० मिनिट्स’ या कार्यक्रमात ऑडी ५००० या मोटारीचे अॅक्सिलरेटरचे पेडल कोणाचाही पाय न लागता खाली जात असल्याचे दृश्य कोट्यवधी लोकांनी पाहिले. ते साधण्यासाठी गिअरबॉक्समध्ये बाहेरून दाबाखालची हवा सोडण्यात आली होती, हा खुलासा मागाहून झाला. १९८९ मध्ये सरकारी चौकशीने असा निष्कर्ष काढला की, बहुतेक अपघातांत चालकाचा पाय ब्रेकऐवजी दुसऱ्याच पेडलवर पडला होता. पण तोवर ऑडीचा तेथील व्यापार बसला होता, आणि चौकशीच्या अहवालाला त्या दृश्याची सर कोठून येणार?

एवढ्यावरून वृत्तपत्रे खोटी आणि कंपन्या साळसूद, असे कोणी समजू नये. ऑगस्ट २००९ मध्ये कॅलिफोर्नियात टोयोटाची एक लेक्सस मोटार बेफाम धावून चौघे मृत्युमुखी पडले, आणि त्यानंतर टोयोटाविरुद्ध जो गहजब उडाला त्यात मोटारीच्या संगणकात भूत शिरल्याची कल्पनाच सर्वांना अधिक प्रिय झाली. अमेरिकी सरकारने ‘नासा’च्या अभियंत्यांकरवी शोध घेतला, २०११ च्या अहवालात ते भूत सापडले नाही. सापडले होते ते साधे दोष: पेडलला अडकणारी रबरी मॅट, आणि दाबल्यावर लवकर वर न येणारे पेडल. टोयोटाने २०१४ मध्ये १२० कोटी डॉलर भरले, तेही या दोषांविषयी ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल. मॅटीची बातमी रंगत नाही, हे मला मान्य आहे. परंतु ज्याच्या पायाखाली ती असते त्याला रंगाशी काय कर्तव्य?

कबुलीला शिक्षा आणि मौनाला अभय, हा हिशेब व्यापाऱ्यास न कळेल तरच नवल. २०१४ मध्ये जनरल मोटर्सचे प्रकरण उघडकीस आले. तिच्या काही गाड्यांत चावीचे बटन जड जुडग्याच्या भाराने किंवा गुडघ्याच्या धक्क्याने सरके, धावते इंजिन बंद पडे आणि ऐन धडकेच्या वेळी एअरबॅग उघडत नसे. कंपनीच्याच भरपाई निधीने अखेर १२४ मृत्यू मान्य केले. त्या चौकशीत बाहेर आलेल्या दस्तऐवजांत अभियंत्यांनी टिपणांत कोणते शब्द टाळावेत याची एक यादी होती. तीनुसार ‘दोष’ म्हणावयाचे नाही. ‘रचनेप्रमाणे काम करीत नाही’ असे लिहावयाचे. मामलेदारसाहेबांना मी हे सांगितले तेव्हा ते मनापासून हसले, कारण दुष्काळाला ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ म्हणण्याची मखलाशी त्यांच्या दप्तरात उभ्या नोकरीभर चाललेली. आपल्याकडे २०१० मध्ये काही नॅनो गाड्यांना आगी लागल्यानंतर टाटा मोटर्सने जादा संरक्षक सुविधा विनामूल्य बसवून देऊ केल्या, पण ही माघार नव्हे, असे मुद्दाम बजावले. त्या एका शब्दाची धास्ती केवढी!

ताकाता कंपनीच्या एअरबॅगांची हकीकत याच्या उलट, म्हणजे बराच काळ बिनबोभाट चालली. त्यांतील अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षांच्या उष्म्याने व दमट हवेने बिघडे आणि धडकेच्या क्षणी एअरबॅग फुगविणारे धातूचे नळकांडेच फुटून त्याचे तुकडे चालकाच्या गळ्यात घुसत. होंडाने २००८ मध्ये पहिल्याप्रथम सुमारे चार हजार गाड्या बोलाविल्या. प्रकरणाची खरी वाच्यता होण्यास २०१४ उजाडले. पुढे जगभर हा आकडा सुमारे दहा कोटींवर गेला. गाड्या भारतातही बोलाविल्या गेल्या. मुंबई आणि कोकणपट्टी यांच्याइतकी त्या स्फोटकाला अनुकूल हवा कोठे असणार, आणि तरी येथील किती मोटारमालकांना ताकाता हे नाव ठाऊक आहे?

आपल्याकडे २०१२ पासून उत्पादकांची स्वेच्छासंहिता होती. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये कलम ११० अ घालण्यात आले आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याची नियमावली अमलात आली, जीनुसार ठरावीक प्रमाणात तक्रारी आल्यास सरकार सात वर्षांहून कमी वयाच्या गाड्या सक्तीने बोलावू शकते आणि दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड करू शकते. कायदा ठीक आहे. परंतु पत्र जाते ते कंपनीच्या दप्तरी नोंद असलेल्या मालकाला, आणि आपल्याकडे मोटारी तर हातोहात फिरतात. म्हणूनच वृत्तपत्राने चार स्तंभ खर्चावेत ते कोणत्या महिन्यात बनलेल्या गाड्या, कोणता भाग, लक्षण काय, नंबर कोठे तपासावा, या तपशिलावर. शेअर किती घसरला ते वाणिज्य पानावर येतेच.

मामलेदारसाहेबांना हे पटले असे मला वाटत नाही. “माझ्या गाडीची अशी बातमी कधी आली नाही,” असे ते अभिमानाने म्हणाले. त्यांची गाडी तिसऱ्या हातची, पहिला मालक नाशिकचा. मी वरून बॅटरी घेऊन आलो आणि आम्ही दोघे बॉनेट उघडून वाकलो. चासी नंबराची सोळा अक्षरे लागली. एक ‘बी’ की ‘आठ’, ते गंजापायी कळेना, तेव्हा साहेबांनी खिशातील पेनचे टोपण काढून तेथला गंज खरवडण्यास सुरुवात केली.