जुनें औषध आणि नवा रोग

मार्च २०२० च्या अखेरची गोष्ट. टाळेबंदी नुकतीच लागली होती आणि आमच्या रत्नागिरींत घरोघर एकाच गोळीचें नांव ऐकूं येत होतें: हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचें औषधांचें दुकान आहे. त्याला गुरुजींची भीड मोडवेना. मीं दोन पट्ट्या आणून कपाटांत ठेवल्या. डॉक्टरांना विचारलेंहि नाहीं.

आठ दिवसांनीं माळनाक्यावरून अक्काचा फोन आला. संधिवातासाठीं ती हीच गोळी कित्येक वर्षें घेत आहे. “अरे, गांवांत एकाहि दुकानांत माझी गोळी मिळेना. हातांची बोटें वळत नाहींत.” त्याच सायंकाळीं मीं पट्ट्या नेऊन दिल्या व कोठून आल्या तें सांगितलें. ती कांहीं बोलली नाहीं. बोलली असती तर बरें झालें असतें.

मी वेडगळपणा केला, पण त्यामागील आशा अगदींच निराधार नव्हती. क्लोरोक्विन हें हिंवतापाचें औषध १९३४ सालीं हान्स आंडरझाग यांनीं जर्मनींत तयार केलें. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हें त्याचेंच सौम्य भावंड. औषध स्वस्त व परिचयाचें. कित्येक विषाणूंस पेशींत शिरण्यास तेथील आम्लता लागते आणि हें औषध ती कमी करतें; म्हणून काचपात्रांत विषाणूंची वाढ खुंटलेली दिसली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेंहि मार्च २०२० मध्यें रुग्णसेवकांस व रुग्णांच्या घरच्यांस प्रतिबंधासाठीं ही गोळी सुचविली होती.

परंतु काचपात्र निराळें आणि मनुष्यदेह निराळा. हा धडा आपल्या महाराष्ट्रास पूर्वींच मिळाला होता. चिकुनगुन्यानंतर ज्यांचे सांधे दुखत राहिले अशा ७० रुग्णांवर पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनीं प्रयोग केला. कांहींस क्लोरोक्विन, कांहींस मेलॉक्सिकॅम हें नेहमींचें वेदनाशामक, असें २४ आठवडे दिलें. २०१४ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला: क्लोरोक्विन अधिक गुणकारी ठरलें नाहीं. व्हिएतनाममध्यें डेंग्यूच्या रुग्णांसहि त्याचा उपयोग झाला नव्हता.

मग “अमक्यानें गोळी घेतली व तो बरा झाला” याचा अर्थ काय? आपल्या शास्त्रकारांनीं यास काकतालीय न्याय म्हटलें आहे. कावळा बसावयास आणि ताडाचें फळ पडावयास एकच गांठ पडली, एवढ्यानें कावळ्यानें फळ पाडलें असें होत नाहीं. करोनाचे बहुतेक रुग्ण आपोआपच बरे होत. श्रेय मात्र गोळीस मिळे.

हा भ्रम टाळण्याचा उपाय एकच: कोणास औषध द्यावयाचें हें जणूं चिठ्ठ्या टाकून ठरवावें व दोन्ही गटांची तुलना करावी. इंग्लंडांत ऑक्सफर्डच्या विद्वानांनीं ‘रिकव्हरी’ नांवाच्या प्रयोगांत तसें केलें. रुग्णालयांतील १५६१ रुग्णांस हें औषध दिलें. ३१५५ जणांस केवळ नेहमींची शुश्रूषा. अठ्ठावीस दिवसांत पहिल्या गटांत शेंकडा २७ दगावले, दुसऱ्यांत शेंकडा २५. लाभ नाहीं, हें जून २०२० मध्यें ठरलें. प्रतिबंधासाठींहि ही गोळी देऊं नये, असें जागतिक आरोग्य संघटनेनें मार्च २०२१ मध्यें सांगितलें.

पण येथेंच थांबणें अन्यायाचें होईल. त्याच प्रयोगानें त्याच महिन्यांत डेक्सामेथासोन या दुसऱ्या जुन्या, स्वस्त औषधाची परीक्षा केली आणि कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांचे मृत्यु त्यानें सुमारें एकतृतीयांश घटले. जुनें औषध नव्या रोगावर तपासून पाहणें ही चूक नव्हे. तपासणी होण्याआधींच त्यावर झडप घालणें ही चूक.

पुढेंहि सांथी येतील व एखाद्या गोळीचें नांव असेंच कानोकानीं फिरेल. वाचकहो, तेव्हां दोन प्रश्न अवश्य विचारा. ज्यांस ती दिली नाहीं त्यांचें काय झालें? आणि जी मी कपाटांत ठेवीत आहें, तीवांचून कोणाचीं बोटें अडलीं आहेत? पहिला प्रश्न शास्त्राचा, दुसरा शेजारधर्माचा. मला त्या वेळीं दोन्ही सुचले नाहींत. अक्काची गोळी आतां दर महिन्यास मीच आणून देतों.