वेढ्यातलं गोडं पाणी

३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं आणि आमच्या मुरुडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या करून गेलं. विजेचे खांब पडले, मोबाइलचे टॉवर बंद झाले. कित्येक दिवसांनी लाइट आली तेव्हा मी माझा लिनक्सचा संगणक सुरू केला. काळ्या पडद्यावर ‘इनिट्रॅमएफएस’ एवढाच शब्द आणि पुढे लुकलुकणारा कर्सर. आतली डिस्क गेली होती.

बॅकअप मात्र शाबूत होता. वादळाच्या आदल्या रात्रीच बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेऊन, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवलेला. पण तो उघडणारा ‘रेस्टिक’ हा प्रोग्राम होता गेलेल्या डिस्कवर. शेजाऱ्यांचा लॅपटॉप मागून आणला, तर प्रोग्राम उतरवून घ्यायला इंटरनेट नाही. रेंज येईपर्यंत ती डिस्क हातात असून नसल्यासारखी होती.

तेव्हापासून मी या प्रश्नाकडे गांभीर्याने पाहतो: बॅकअप परत आणणारी साधनं ठेवायची कुठे?

युनिक्सच्या जुन्या जाणत्यांनी याचा विचार केला होता. सत्तरच्या दशकात बेल लॅब्समध्ये पहिली डिस्क भरली आणि प्रोग्राम दुसऱ्या डिस्कवरच्या ‘/यूएसआर’मध्ये गेले. पण दुसरी डिस्क जोडणारा ‘माउंट’ पहिलीवरच हवा, नाहीतर ती जोडणार कोण? पुढे लिनक्सच्या फाइलरचनेच्या मानकातही हेच तत्त्व आलं: यंत्रणा सुरू करायला, दुरुस्त करायला आणि बॅकअपमधून उभी करायला लागणारी साधनं मूळ विभागात असावीत. फाइली एकत्र बांधणारा ‘टार’ आणि त्या दाबून लहान करणारा ‘जीझिप’ यांना मूळ विभागातल्या ‘/बिन’मध्ये जागा मिळाली ती त्यासाठीच.

आता बहुतेक लिनक्समध्ये ती वाटणी उरलेली नाही. फेडोराने २०१२ मध्ये आणि डेबियनने २०२३ च्या बाराव्या आवृत्तीत सर्वांसाठीच ‘/बिन’ आणि ‘/यूएसआर/बिन’ एक केले. मला त्यात गैर काही वाटत नाही. डिस्कच गेली तर तिच्यावरचा कुठलाही कप्पा सारखाच. रोजच्या कामाचा प्रोग्राम ‘/यूएसआर/बिन’मध्ये खुशाल असू द्या. संकटाच्या वेळची प्रत मात्र त्या संगणकाबाहेर, बॅकअपच्या शेजारीच हवी.

मुरुडजवळच्या राजपुरीहून शिडाच्या होडीने समुद्रातल्या जंजिरा किल्ल्यात गेलात की आत गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव दिसतात. चहूबाजूंनी खारा समुद्र आणि मधोमध पिण्याचं पाणी. वेढा पडला की किनाऱ्यावरची विहीर कितीही भरलेली असो, किल्ल्यातल्या माणसाची तहान ती भागवत नाही. वादळानंतरच्या मुरुडला इंटरनेट म्हणजे तशी किनाऱ्यावरची विहीर होती.

म्हणून माझ्या बॅकअपच्या डिस्कवर आता रेस्टिकची एक प्रत असते. तो एकाच फाइलचा प्रोग्राम आहे. कॉपी केला की चालतो, इन्स्टॉल करावा लागत नाही. त्याच पिशवीत थेट सुरू होणाऱ्या लिनक्सचा पेनड्राइव्ह आणि कोणत्या आज्ञा कोणत्या क्रमाने द्यायच्या ते लिहिलेला कागद. पासवर्डचा कागद वेगळ्या जागी, घरातल्या आणखी एका माणसाला ठाऊक असलेल्या. रेस्टिकचा बॅकअप कुलूपबंद असतो आणि पासवर्ड हरवला तर तो कोणालाच उघडता येत नाही. त्या वेळी मला पासवर्ड पाठ होता, म्हणून पंधरा वर्षांचे फोटो आणि लेखन परत मिळालं.

कोकणात पावसाआधी आपण घर शाकारतो, गळेल तेव्हा बघू म्हणत नाही. तसंच एका रविवारी करा. वायफाय बंद करा, संगणकातल्या डिस्कला हात लावू नका, पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करा आणि बॅकअपमधली एक फाइल परत आणून उघडून पाहा. ती उघडली, तरच तुमच्याकडे बॅकअप आहे.