वहीतील सातवा रकाना

गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतून आमच्या वडिलांची एक लांबट, लाल कापडी बांधणीची वही निघाली. ठाण्यातील घराच्या मागील दोन खोल्या ते भाड्याने देत असत, आणि जागा पाहावयास आलेल्या प्रत्येक इसमाची नोंद या वहीत वळणदार अक्षरात करीत: नाव, गाव, नोकरी, माणसे किती, मुदत, अनामत. सहा रकाने शाईने भरलेले; समासात मात्र काही नावांपुढे शिसपेन्सिलीने एकच शब्द, ‘नको’. ती आडनावे आम्ही एकाखाली एक वाचीत गेलो, तेव्हा कारण लिहिण्याची गरज वडिलांना का भासली नसावी हे ध्यानात आले, आणि वही मिटून ठेवावी लागली. ‘भाड्याचे घर’ हा यंदाच्या अंकाचा विषय आमच्या मनात मुक्रर झाला तो त्या क्षणी.

वडील दुष्टबुद्धीचे नव्हते. ते भयग्रस्त होते. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठविली, आणि पुढे १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे परवानगीदार म्हणून जागेत राहत होते ते दुरुस्तीने संरक्षित भाडेकरू ठरले, तेव्हा एकदा आत आलेला मनुष्य बाहेर निघणार नाही ही धास्ती मध्यमवर्गीय मालकाच्या मनात कायमची घर करून बसली. अशा भयाला आधार हवा असतो, आणि तो ‘आपल्या माणसांत’ शोधणे सर्वांत सोपे. परंतु आडनावावरून माणसाची सचोटी कळते हा समज ज्यांनी बाळगला, त्यांनी पुढे ज्या भाडेकरूशी वर्षानुवर्षे तकरार केली तो बहुधा त्यांच्याच ज्ञातीतला निघाला. आमच्या घरीही तेच घडले.

या ‘नको’चे मोल दुसऱ्या बाजूने पाहिले पाहिजे. १९१७ साली परदेशातील उच्च शिक्षण घेऊन बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू होण्यास गेलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना त्या शहरात राहावयास जागा मिळेना. नाव बदलून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले, आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. मुंबईची गाडी सुटेपर्यंतचा वेळ त्यांनी कामाठी बागेत काढला. सयाजीराव महाराजांसारख्या राजाचा आश्रय ज्याच्या पाठीशी होता त्याची ही गत, तर ज्याच्या पाठीशी कोणीच नाही त्याची काय! आणि आज, शंभराहून अधिक वर्षांनी, दलालाचा पहिला प्रश्न ‘बजेट किती’ हा नसून ‘फॅमिली की बॅचलर, व्हेज की नॉनव्हेज’ हा असतो. त्यातील दुसऱ्या प्रश्नाने आहार विचारला जातो असे मानण्याइतके आपण कोणीच भोळे नाही. राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव यांचा उच्चार आहे. खासगी घराचा नाही. तेथे बरेचसे मालकाच्या सदसद्विवेकबुद्धीवरच अवलंबून राहते.

जुन्या भयाला मात्र आता पूर्वीइतका आधार उरलेला नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ नुसार परवानगीची मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्याविरुद्ध सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि ताबा मिळेपर्यंत दुप्पट दराने भरपाई मागता येते. कलम ५५ ने करारनामा लेखी व नोंदणीकृत असण्याची जबाबदारी मालकावरच टाकली आहे. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही हा आपल्याकडचा समज सर्वस्वी चुकीचा आहे. मालकाचे खरे रक्षण करतो तो हा दस्तऐवज.

पारख करूच नये असे आमचे म्हणणे मुळीच नाही. आयुष्याची पुंजी घालून घेतलेली जागा परक्याच्या हाती देताना चार प्रश्न विचारण्याचा मालकाला पूर्ण अधिकार आहे; मात्र ते प्रश्न पहिला मनुष्य येण्यापूर्वीच कागदावर उतरलेले असावेत, आणि येईल त्या प्रत्येकाला तेच, त्याच क्रमाने विचारले जावेत. मिळकत भाड्याला पुरेशी आहे काय, माणसे किती राहणार, मुदत किती हवी, पूर्वीच्या जागेचे भाडे वेळेवर दिल्याच्या पावत्या किंवा बँकेतील नोंदी आहेत काय. चालू घरमालकाची शिफारस घेताना थोडे सावध असावे, कारण त्रासदायक भाडेकरू जावा म्हणून त्याची स्तुती करणारे मालक आम्ही पाहिले आहेत. त्याच्या आधीच्या मालकाचे शब्द अधिक विश्वासार्ह, त्याला आता काही साधावयाचे नसते. अनामत सर्वांना सारखीच. अटी पुऱ्या करणारा जो प्रथम आला, त्याला जागा. आणि ज्याला नकार दिला त्याच्या आधारकार्डाची प्रत आपल्या कपाटात ठेवण्याचा आपल्याला काय हक्क? ती त्याच्या हाती परत द्यावी.

ठाण्याच्या त्या दोन खोल्या या श्रावणात रिकाम्या झाल्या. आम्ही वडिलांचीच वही घेतली, कोऱ्या पानावर सहा रकाने आखले, आणि समास पुसट राहू नये म्हणून तेथे शाईने सातवा रकाना आखून वर ‘कारण’ असे लिहिले. तिघे आले. पहिल्याला दोन खोल्यांत सात माणसे ठेवावयाची होती. तसे त्याला सांगितले, तसेच लिहिले. दुसरी रुग्णालयात रात्रपाळी करणारी, एकटी राहणारी परिचारिका. तिने प्रश्नांची उत्तरे दिली, भाड्याच्या चौदा महिन्यांच्या पावत्या पुढे ठेवल्या, आणि उठता उठता, आम्ही अजून तिचे आडनाव विचारले नाही याची आठवण तिनेच करून दिली. ते करारनाम्यात लागेलच, असे आम्ही म्हणालो. तिसऱ्याला जागा दिली गेल्याचे कळविले, आणि त्याच्या रकान्यात तेवढेच लिहिले.