दोन हजारांच्या आतला फराळ

दिवाळीच्या तोंडावर तंजावरच्या बाजारात हल्ली एका नव्या विद्येचा बोलबाला आहे. पूर्वी व्यापारी कचेरीत मिठाईचा पुडा आणि एक कॅलेंडर धाडी व मोकळा होई. आता त्याला सांगण्यात येते की, भेट 'विचारपूर्वक' निवडावी. घेणाऱ्याचे गाव, त्याची आवड, घरची माणसे ध्यानी घ्यावी आणि मगच काय ते द्यावे. या विद्येवर आमचा आक्षेप आहे. आणि तो व्यापाऱ्यांवर कमी, परमुलखी नेमणुकीवर आलेल्या आम्हां मराठी नोकरदारांवर अधिक आहे.

निवडावयास या जिल्ह्यात तोटा नाही. पितळी तबकावर चांदी-तांब्याचे उठाव बसविलेली थाळी, सोन्याच्या वर्खाने मढविलेले चित्र, कितीही ढकलली तरी पुन्हा ताठ उभी राहणारी बाहुली, स्वामिमलैची मूर्ती, नाच्चियारकोविलची समई, तिरुभुवनमचे रेशीम. थाळीची कला सरफोजीराजांच्या आश्रयाने वाढली असे येथे सांगतात. तेव्हा ती हाती देताना व्यापारी हळूच म्हणतो, "तुमच्याच राजांची वस्तू आहे, सर." या एका वाक्यापुढे आमच्यातले भलेभले विरघळताना आम्ही पाहिले आहेत.

आणि आम्ही तरी कुठले वेगळे! दोन वर्षांमागे आमच्या कचेरीला कागद पुरविणाऱ्या एका गृहस्थांनी आमच्या घरी माणूस धाडला. खोक्यात थाळी नव्हती. भाजणीच्या चकल्या होत्या, अनारसे होते, आणि खाली, वर्तमानपत्रात गुंडाळलेले, दोन दिवाळी अंक होते. येथली दिवाळी नरकचतुर्दशीच्या पहाटे सुरू होऊन त्याच दिवशी संपते. आपल्या चार दिवसांच्या दिवाळीची हुरहुर मनात घेऊन बसलेल्या माणसाला ते खोके म्हणजे माहेरचे बोलावणे वाटावे. मातोश्रींनी अंक छातीशी धरला. १९०९ साली 'मनोरंजन'ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली. तिचा असा उपयोग होईल हे का कोणाच्या ध्यानी आले असेल! फराळ संपला. अंक आम्ही रात्री जागून वाचले. आणि पुढच्या सोमवारी बिलांचा गठ्ठा लावताना त्या गृहस्थांचे बिल आपल्या हाताने सर्वांत वर ठेवलेले आम्हांस दिसले. कोणी सांगितले नव्हते, कोणी मागितले नव्हते. हात आमचाच होता.

आमचे सहकारी म्हणतात, यात नियमबाह्य ते काय? १९६४ च्या वर्तणूक नियमांतील तेरावा नियम २०१९ साली सुधारला. 'क' गटातील नोकराने इतर प्रसंगी २,००० रुपयांपुढची भेट परवानगीवाचून घेऊ नये, वरच्या गटांना ही मर्यादा ५,००० ची. मग चकल्या किती रुपयांच्या? हा हिशेब आम्हीही केला होता. परंतु ती मर्यादा म्हणजे तेवढे घेण्याचा परवाना नव्हे. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात, २०१८ च्या सुधारणेनंतर, 'अनुचित लाभा'ला अमुक रुपयांपासून पुढे अशी खालची रेघ नाही. आणि खरे सांगायचे तर महागडी थाळी परत करणे सोपे असते. तिची किंमत तिच्या अंगावर दिसते. परत करणे अवघड जाते ते आईच्या डोळ्यांत पाणी आणणाऱ्या तीनशे रुपयांच्या अंकाचे. विचारपूर्वक निवडलेली भेट अधिक निर्मळ असते हा समजच उलटा आहे. तिच्यात आमची पारख केलेली असते.

देणाऱ्याचे प्रेमच असेल तर ते उघड्यावर येऊ द्या ना! आमच्या कचेरीपासून बृहदीश्वराचे देऊळ दूर नाही. आपण, आपली थोरली बहीण कुंदवै, राण्या आणि इतर दात्यांनी देवाला जे दिले ते दगडावर कोरावे, अशी राजराज चोळाने १०१० च्या सुमारास आज्ञा दिली; सोन्याच्या पात्रांची वजनेसुद्धा तेथे नोंदलेली आहेत. त्याच देवळात १८०३ साली सरफोजीराजांनी भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरविला. दगड राहू द्या. आपणांस आलेल्या भेटीची एक ओळ, दात्याच्या नावासह, कचेरीच्या सूचनाफलकावर लावण्यास किती बांधव तयार होतील?

२०२५ च्या सप्टेंबरात अर्थ मंत्रालयाने खात्यांना व सार्वजनिक उपक्रमांना सणाच्या भेटींवर सरकारी पैसा खर्चण्यास मनाई केली. देणारा हात असा आखडला. घेणाऱ्या हाताचे काय?

व्यापाऱ्याला दोष देणे सोपे आहे. फुकट दिलेल्या मालावरच्या जीएसटीचे क्रेडिटही त्याला मिळत नाही. तरी तो देतो. का देतो? बिल अडकते म्हणून. लहान पुरवठादाराचे पैसे फार तर ४५ दिवसांत चुकते व्हावेत, न झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने व्याज द्यावे, असे २००६ चा कायदा सांगतो. आमच्या मेजांवर ४५ दिवस कसे निघून जातात ते आम्हांस ठाऊक आहे. कधी सही करणारे रजेवर, कधी निधी आलेला नाही, आणि कधी, लाज वाटते पण लिहितो, फाईल नुसती पडलेली. मग तो बिचारा आमचे गाव, आमची भाषा, आमच्या आईची आवड यांचा अभ्यास करतो. तीच मेहनत त्याने चांगल्या कागदावर केली असती.

आम्ही आता आलेल्या प्रत्येक बिलावर आवक तारीख स्वतः घालतो आणि त्याच क्रमाने गठ्ठा लावतो. गेल्या दिवाळीला त्या गृहस्थांचा माणूस पुन्हा आला. खोके दारातूनच परत गेले, तेव्हा मातोश्री काही बोलल्या नाहीत. पण दोन दिवस आमच्याशीही बोलल्या नाहीत. अंक आम्ही पुण्याहून टपालाने मागविले. ते भाऊबीज उलटून आठ दिवसांनी पोचले.