नवाबांचे लखनौ आणि अमीनाबादचे हात

युद्धोत्तर ब्रिटिश विनोदी चित्रपट म्हणजे निर्मळ, निर्विष करमणूक, असा निर्वाळा आपले अभिजन समीक्षक आजही देतात. परंतु कोणाला हसायचे, हे पडदा उजळण्यापूर्वीच कोणीतरी ठरविलेले असते.

१९५९ सालचा 'आय अ‍ॅम ऑल राइट जॅक' पाहावा. पीटर सेलर्सने रंगविलेला कामगार प्रतिनिधी फ्रेड काइट पुस्तकी शब्द घोळवितो आणि रशियातील शेतांची स्वप्ने पाहतो. मालकही त्यात लबाड दाखविले आहेत, हे मान्य. पण लुबाडणारा व लुबाडला जाणारा यांना एकाच तराजूत घालणे, हीच तर खरी लबाडी! पुढच्याच वर्षी 'द मिलियनेअरेस'मध्ये शॉच्या नाटकातील इजिप्शियन डॉक्टर भारतीय झाला; आणि तो साकारला चेहऱ्याला रंग फासलेल्या त्याच सेलर्सने.

केवळ इंग्रजांकडे बोट दाखवून मात्र आपली सुटका नाही. त्याच १९६० साली मुंबईने 'चौदहवी का चाँद'मध्ये लखनौ उभे केले. बुरखा, शायरी, नवाबी अदब. एके काळी मुंबईत बस-कंडक्टर असलेला जॉनी वॉकर त्यात हसवितो, तेही नवाबाचा मित्र म्हणून. हिंदी पडद्यावरची मराठी मोलकरीण आठवावी, म्हणजे ही रीत आपल्याला अपरिचित वाटणार नाही.

या लखनौत अमीनाबाद कोठे आहे? तेथील दुकानांत झळकणाऱ्या चिकनच्या कुर्त्यावर प्रथम छिपी लाकडी ठशांनी कच्च्या रंगाची नक्षी उमटवितो. मग दलालामार्फत ते कापड गल्लीबोळांतील व आसपासच्या खेड्यांतील घरांत जाते. तेथे स्त्रिया, बहुतांशी गरीब मुसलमान, डोळे ताणून बखिया व मुर्रीचे टाके घालतात. धोबी कापड धुऊन नक्षीची रेघ घालवितो, तेव्हा कोठे ते विक्रीस येते. मजुरी नगावर, दलालाचा वाटा अगोदरच कापलेला. २००८ साली चिकनला भौगोलिक मानांकन मिळाले. नाव संरक्षित झाले, मजुरी नव्हे.

१९८६ साली मुजफ्फर अलींनी 'अंजुमन'मध्ये चिकन कारागीर स्त्रीला नायिका केले. शबाना आझमींनी ती उभी केली. तो विनोदी चित्रपट नव्हता. दलालाला हसायला लावणारा चित्रपट कोणी काढलाच, तर अमीनाबादेत त्याला प्रेक्षकांचा तोटा पडणार नाही.