जलसा, मेळा आणि चित्रपट : प्रेक्षकाकडून काय मागितले?

#थ्रेड

१/ "कलेत राजकारण आणू नका, धर्मात तर मुळीच नको." समाजमाध्यमांवर हे वाक्य रोज वाचनात येते. जुन्नर तालुक्याचा इतिहास चाळणाऱ्यास ते पटणे कठीण आहे. येथे धर्म, राजकारण आणि करमणूक पिढ्यान् पिढ्या एकाच मांडवात नांदत आली आहेत.

२/ माझे गाव बेल्हे. शेजारच्या आळे गावी एका रेड्याची समाधी आहे. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखी वेद वदविले तोच हा रेडा, असे परंपरा सांगते. भाविक तेथे माथा टेकवतात. वेदांवर अधिकार कोणाचा, हा वाद या आख्यायिकेच्या गाभ्याशी आहे. आणि अधिकाराचा वाद म्हणजे राजकारणच.

३/ कल्याण-नगर रस्त्याने पश्चिमेस गेले की ओतूर लागते. जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापिला. १८८० च्या दशकात ओतूरला बाळाजी कुसाजी पाटील आदी मंडळींनी भटजीविना लग्ने लावली. ग्रामजोशांनी दक्षिणेच्या वतनी हक्कासाठी दावा लावला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले.

४/ हा विचार निरक्षर शेतकऱ्यापर्यंत पोहोचवायचा कसा? उत्तर तमाशात सापडले. गण, गवळण, वग हा क्रम इथल्या प्रत्येकाच्या परिचयाचा होता. त्याच साच्यातून सत्यशोधकी जलसा उभा राहिला. आद्य जलसाकारांत ओतूरच्या भीमराव महामुनींचे नाव घेतले जाते.

५/ जलशाने शृंगार वगळला, ढोलकी ठेवली. गणातील गणपतीचा अर्थ 'गणांचा, म्हणजे लोकांचा नायक' असा लावला. वगात सावकार, कुलकर्णी, भटजी आले. कर्ज, शिक्षण, लग्नखर्च हे विषय आले.

६/ पुण्यातही हेच घडत होते. १८९३ पासून सार्वजनिक झालेल्या गणेशोत्सवात मेळ्यांनी राजकीय पदे म्हटली. १९२० च्या दशकात केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांच्या छत्रपती मेळ्याने त्याच उत्सवात ब्राह्मणेतर चळवळीची बाजू गायली. देव एक, रस्ता एक, गाणी परस्परविरोधी!

७/ हा सुवर्णकाळ होता, असे मात्र मी म्हणणार नाही. मेळ्यांची आणि जलशांची भाषा अनेकदा बोचरी, प्रसंगी अभद्रही होई. शत्रू रंगवणे सोपे असते. टाळ्या हमखास मिळतात. तो मोह त्यांनाही आवरला नाही.

८/ तरीही एक भेद मला महत्त्वाचा वाटतो. जलसा ऐकून उठणाऱ्याला घरी जाऊन काही करावे लागे : मुलीला शाळेत घालायचे, कर्ज काढून लग्न करायचे नाही, पुरोहिताला बोलवायचे नाही. त्याची किंमत त्यालाच मोजावी लागे. ओतूरकरांनी ती कोर्टाची पायरी चढून मोजली.

९/ आता २०२५ कडे या. १४ फेब्रुवारीला 'छावा' प्रदर्शित झाला. चित्रपटगृहांत घोषणा झाल्या, डोळे पाणावले. मार्चमध्ये औरंगजेबाच्या कबरीचा वाद पेटला आणि १७ मार्चला नागपुरात हिंसाचार झाला. एका चित्रपटाने दंगल घडवली, असे म्हणणे सोपे आहे आणि अपुरेही. पेटवणारे हात राजकारणाचेच असतात. संभाजीराजांविषयी वाटणारी माया खरी आहे. तिची थट्टा करणारे अभ्यासक मला रुचत नाहीत.

१०/ पण त्या मायेकडून मागितले काय गेले? एक तिकीट, एक घोषणा, एक स्टेटस. स्वतःच्या घरातले काहीही बदलावे लागले नाही. ज्या भक्तीची किंमत दुसऱ्यानेच मोजायची असते, तिच्याकडे इतिहासाच्या विद्यार्थ्याने सावधपणे पाहावे.

११/ नारायणगावला आजही पाडव्याच्या सुमारास तमाशाच्या राहुट्या लागतात, गावोगावच्या यात्रांच्या सुपाऱ्या ठरतात. म्हणजे मंच आहे, प्रेक्षक आहे, ढोलकीही आहे. धर्म आणि राजकारण त्या मंचावर येतच राहणार. त्यांना हाकलण्याचा आग्रह व्यर्थ आहे.

१२/ म्हणून मित्रहो, पुढचे ऐतिहासिक गाणे, रील किंवा चित्रपट पाहाल तेव्हा 'हे खरे की खोटे' एवढ्यावर थांबू नका. 'हे मला स्वतःत काय बदलायला सांगते?' असेही विचारा. उत्तर 'काहीच नाही' असे आले, तर ती करमणूक आहे. खुशाल पाहा, तिला इतिहास मात्र म्हणू नका.

मतभेद असल्यास अवश्य लिहा. 🙏