थर्मल कॅमेऱ्याला स्वतःचंच प्रतिबिंब दिसतं तेव्हा... 'नार्सिसस इफेक्ट' काय आहे आणि बारामतीच्या उसाशी त्याचा संबंध काय?

फेब्रुवारी २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांनी बारामतीच्या ऊस शेतीचा एक व्हीडिओ एक्सवर शेअर केला. त्यावर इलॉन मस्क यांचीही प्रतिक्रिया आली आणि 'एआयचा ऊस' एकदम सगळ्यांच्या फोनमध्ये पोचला. त्यानंतर जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने 'महाअ‍ॅग्री-एआय धोरण २०२५-२९' मंजूर केलं. त्यासाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद आहे.

या सगळ्या चर्चेत एआय काय सांगतं यावर भरपूर बोललं गेलं. पण एआयला जे दाखवलं जातं ते कितपत खरं असतं, यावर फारसं कुणी बोललं नाही. उपग्रह, ड्रोन आणि सेन्सर शेताकडे 'बघतात', मग गणित होतं आणि शेवटी शेतकऱ्याच्या मोबाइलवर मेसेज येतो की पाणी द्या किंवा देऊ नका. बघण्यातच चूक झाली तर पुढचं गणित कितीही हुशार असलं तरी उपयोग नाही.

बघण्यातल्या अशाच एका चुकीला प्रकाशशास्त्रात एका फुलाचं नाव आहे.

नार्सिसस म्हणजे कोण?

ग्रीक पुराणकथेतला हा देखणा तरुण. पाण्यात स्वतःचं प्रतिबिंब पाहून तो त्याच्याच प्रेमात पडला, तिथेच झुरून संपला आणि त्या जागी एक फूल उगवलं, अशी ती गोष्ट. ते फूल म्हणजे नार्सिसस. आपल्याकडे त्याला नर्गिस म्हणतात, इंग्रजी कवितांमुळे काहींना ते डॅफोडिल म्हणून माहीत असतं.

हे थंड हवेचं, कंदापासून येणारं झाड आहे. बारामतीच्या उन्हात ते टिकणार नाही. पण त्याचं कुळ आपल्या ओळखीचं आहे. कांदा आणि लसूण वनस्पतिशास्त्राच्या आजच्या वर्गीकरणात नर्गिसच्याच कुळात येतात. पुणे जिल्ह्यातल्याच राजगुरुनगरला ज्या कांदा-लसणावर राष्ट्रीय पातळीचं संशोधन चालतं, ते या फुलाचे लांबचे भाऊबंद. फरक एवढाच की नर्गिसचा कंद विषारी असतो. दिसायला कांद्यासारखा असल्यामुळे २०१५ मध्ये ब्रिटनच्या आरोग्य यंत्रणेने सुपरमार्केटना सांगितलं होतं की डॅफोडिल भाजीपाल्याजवळ ठेवू नका.

याच कुळातल्या झाडांमधून गॅलँटामीन नावाचं द्रव्य मिळतं. अल्झायमरच्या रुग्णांना ते औषध म्हणून दिलं जातं. अमेरिकेत त्याला २००१ मध्ये मान्यता मिळाली. वेल्समधल्या ब्लॅक माउंटन्स भागात डॅफोडिलची शेती याच औषधासाठी केली जाते. तिथल्या उंचीवर झाडाला जो ताण बसतो त्यामुळे हे द्रव्य जास्त तयार होतं, असं तिथे आढळलं आहे.

ताण हा शब्द बारामतीला नवा नाही.

माळेगावची 'ताणाची' संस्था

जळोची पूर्वी बारामतीलगतचं गाव होतं, आता नगरपरिषदेच्या हद्दीत आहे. बारामती बाजार समितीचा उपबाजार इथेच भरतो. तालुक्यातलं पीक पाण्यावाचून किती सोसून आलंय, हे इथे आलेल्या मालाच्या आकारावरून आणि भावावरून कळतं. पण तेव्हा उशीर झालेला असतो.

हीच गोष्ट आधी कळावी यासाठी याच तालुक्यात माळेगाव खुर्दला एक राष्ट्रीय संस्था काम करते: राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था. भारतीय कृषी संशोधन परिषदेची ही संस्था २००९ मध्ये सुरू झाली. अजैविक ताण म्हणजे रोग किंवा किडीमुळे नव्हे, तर दुष्काळ, उष्णता, क्षार, साचलेलं पाणी यांमुळे पिकाला बसणारा ताण. संस्थेची स्वतःची जमीनच मुरमाड, खडकाळ. म्हणजे अभ्यासाचा विषय पायाखालीच! इथल्या संशोधनात झाडांचे इन्फ्रारेड फोटो हे एक महत्त्वाचं साधन आहे.

त्यामागचं तत्त्व साधं आहे. माठातलं पाणी झिरपून गार होतं, तसंच पानही आपल्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी सोडून गार राहतं. पाणी कमी पडलं की झाड ही छिद्रं मिटून घेतं आणि पान तापतं. पान पिवळं पडायच्या, सुकायच्या कितीतरी आधी हे होतं. डोळ्यांना काहीच दिसत नाही, पण थर्मल कॅमेऱ्याला दिसतं. हा ताण ० ते १ अशा आकड्यात मोजण्याची पद्धत अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनाच्या शास्त्रज्ञांनी १९८१ मध्येच मांडली होती.

मग गडबड कुठे होते?

थर्मल कॅमेऱ्याची काच आपल्या नेहमीच्या काचेसारखी नसते. साधी काच उष्णतेचे हे किरण पुढे जाऊच देत नाही. म्हणून जर्मेनियम नावाचं महागडं मूलद्रव्य वापरतात. पण त्याचा स्वभाव आरशासारखा आहे. त्यावर खास लेप दिला नाही तर एकेका पृष्ठभागावरून सुमारे ३६ टक्के किरण परत फिरतात.

चांगल्या दर्जाच्या काही कॅमेऱ्यांमध्ये सेन्सर उणे १९६ अंशांपर्यंत थंड केलेला असतो. तो स्वतः गरम असेल तर स्वतःच्याच उष्णतेत बाहेरची उष्णता हरवून जाईल, म्हणून.

आता या दोन्ही गोष्टी एकत्र बघा. समोर ३० अंशांचं शेत, मध्ये आरशासारखी भिंगं आणि मागे बर्फाहून कितीतरी थंड सेन्सर. भिंगाच्या पृष्ठभागावर चित्राच्या कडेच्या भागात कॅमेऱ्याच्या आतल्या कोमट भिंतींचं प्रतिबिंब पडतं. पण बरोबर मध्यभागी सेन्सरला दिसतो तो स्वतः, म्हणजे उणे १९६ अंशांचा एक ठिपका. तिथून कमी उष्णता येते आणि चित्राच्या मधोमध गडद डाग उमटतो. शेतात तिथे गारवा नसतोच. कॅमेऱ्याने पाण्यात वाकून स्वतःला पाहिलेलं असतं.

हाच नार्सिसस इफेक्ट. नाव चपखल आहे, आणि त्यावरचे शास्त्रीय लेखही रूक्ष नाहीत. १९८२ मध्ये 'अप्लाइड ऑप्टिक्स' या नियतकालिकात हॉवर्ड आणि एबल यांनी याचं गणित मांडलं, त्या लेखाच्या शीर्षकातच 'रिफ्लेक्शन' शब्दावर कोटी आहे.

त्यावर उपाय आहेत. भिंगांना परावर्तन कमी करणारा लेप देतात. त्यांची वक्रता अशी ठेवतात की परतणारं प्रतिबिंब पसरून पुसट व्हावं. शिवाय एकसारख्या तापमानाच्या पृष्ठभागाचा फोटो घेऊन तो डाग वजा करतात. मात्र झूम बदलला, फोकस हलला किंवा कॅमेऱ्याचं तापमान बदललं, की वजा केलेला डाग पुन्हा डोकं वर काढू शकतो.

ड्रोनवर काय होतं?

शेतात उडणाऱ्या ड्रोनवर सहसा इतका महागडा, थंड केलेला कॅमेरा नसतो. त्यामुळे मधला काळा डाग तिथे ठळक दिसत नाही. पण दुखणं त्याच जातीचं आहे. कॅमेऱ्याची स्वतःची बॉडी आणि भिंग यांची उष्णता चित्रात मिसळते. ड्रोन वर गेला की वाऱ्याने बॉडी गार होते, उन्हात थांबला की तापते. म्हणूनच हे कॅमेरे अधूनमधून 'टिक' आवाज करत आतला पडदा मिटून स्वतःला दुरुस्त करून घेतात. तरीही बाजारातल्या अशा कॅमेऱ्यांच्या माहितीपत्रकात अधिक-उणे २ अंश किंवा त्याहून जास्त चूक गृहीत धरलेली असते.

दोन अंश म्हणजे किती? समजा, भरपूर पाणी मिळालेल्या उसाचं पान ३२ अंशांवर आहे आणि पूर्ण तहानलेल्याचं ३९ वर. तुमचा ऊस ३४ वर असेल तर ताणाचा आकडा येतो सुमारे ०.२९, म्हणजे अजून थांबता येईल. कॅमेऱ्याने दोन अंश जास्त दाखवले तर तोच आकडा ०.५७ होतो आणि ताबडतोब पाणी द्या असा निष्कर्ष निघतो. उलट बाजूला दोन अंशांची चूक झाली तर आकडा थेट शून्यावर येतो आणि पीक मजेत आहे असं वाटतं. ज्यांचं पाणी कालव्याच्या आवर्तनावर अवलंबून आहे, त्यांची एक पाळी चुकली तर पुढची पाळी येईपर्यंत काहीच करता येत नाही.

उपग्रह तरी अचूक असतील ना?

फेब्रुवारी २०१३ मध्ये अमेरिकेचा लँडसॅट-८ उपग्रह अवकाशात गेला. त्याची थर्मल चित्रं जगभर मोफत वापरली जातात. त्यात तापमान प्रत्यक्षापेक्षा वेगळं येतंय हे लवकरच लक्षात आलं. चौकटीबाहेरच्या प्रदेशातले किरण दुर्बिणीच्या आत परावर्तित होऊन चित्रात घुसत होते. हा काही नेमका नार्सिसस इफेक्ट नव्हे, त्याचा चुलतभाऊ म्हणा. दोन थर्मल पट्ट्यांपैकी एक तर मोजमापासाठी वापरूच नका, असं सांगावं लागलं. सॉफ्टवेअरने बरीच दुरुस्ती झाली ती २०१७ मध्ये, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये सोडलेल्या लँडसॅट-९ मध्ये आतली रचनाच सुधारली.

चूक लपवली गेली नाही, ही यातली चांगली गोष्ट. ती शोधली, मोजली आणि जगजाहीर केली. शेतीच्या अ‍ॅपमध्ये मात्र 'हा आकडा इतका चुकू शकतो' अशी ओळ क्वचितच दिसते. ५०० कोटींच्या धोरणात ही एक ओळ सक्तीची करायला फार खर्च येणार नाही.

शिवाय या उपग्रहांच्या थर्मल चित्राचा एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे १०० बाय १०० मीटर, एक हेक्टर, जवळपास अडीच एकर. शेत एक एकराचं असेल तर त्या ठिपक्यात शेजाऱ्याचा ऊस, बांध आणि कदाचित रस्ताही येतो.

शेतकऱ्याने काय विचारावं?

ड्रोनने पाहणी करून देणाऱ्याला दोन-तीन साधे प्रश्न विचारता येतात. उडवण्याआधी कॅमेरा काही वेळ चालू ठेवून स्थिर होऊ दिला का? पाहणी कडक उन्हात, ढग नसताना केली का? आणि शेतात तुलनेसाठी काही ठेवलं होतं का? या शेवटच्या प्रश्नाचा जुगाड अगदी स्वस्त आहे. संशोधकसुद्धा शेतात एक ओला आणि एक कोरडा पृष्ठभाग ठेवतात. दोन्हींचं तापमान साध्या थर्मामीटरने मोजायचं आणि कॅमेरा काय दाखवतो त्याच्याशी ताडून पाहायचं. बांधावर पसरलेलं भिजवलेलं गोणपाट आणि शेजारी एक कोरडं, एवढ्यावरही कॅमेरा किती अंशांनी चुकतोय याचा अंदाज येतो.